गाणं ऐकायला सिस्टिम जमवायची आहे: साठ हजार रुपये, दहा बाय दहाची खोली. पैसे नेमके कशात घालू?

गवती_चहा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, गरज पडली म्हणून लिहितोय हे आधीच कबूल करतो.

बाबा पंच्याहत्तरचे. गेल्या वर्षी सांगलीचं घर आवरून आमच्याकडे कोथरूडला आले. सोबत दोन ट्रंका आणल्या. एकीत शंभरेक एलपी, दुसरीत कॅसेट आणि सीडी. कपड्यांची बॅग मागाहून आली, यावरून काय ते समजा. सवाईला शाल गुंडाळून पहाट करणारा माणूस सध्या माझ्या ब्लूटूथ स्पीकरवर गाणं ऐकतोय आणि रोज म्हणतोय, "गवई डब्यात बसवलाय रे."

बजेट साठ हजार. एका दुकानात गेलो, त्यांनी कोटेशन दिलं ते असं: स्पीकर १४ हजार, अ‍ॅम्प्लिफायर २०, डॅक (आकड्यांतलं गाणं विजेत बदलणारं खोकं) ८, केबल ११, पॉवर कंडिशनर (म्हणे वीज स्वच्छ करणारं) ७. मी विचारलं, केबलला अकरा? तर म्हणाले, "साहेब, साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच." वाक्य इतकं पटण्यासारखं होतं की मी घाबरून बाहेर आलो.

खोली बाबांचीच आहे. विट्रिफाइड टाइल, एका भिंतीला कपाट, एका भिंतीला शोकेस, तिसऱ्या भिंतीला टेकून त्यांची आरामखुर्ची. सांगलीहून जुने स्पीकरही आलेत, पण त्यांच्या कोनाभोवतीचा फोम हाताला लागला की भुकटी होते.

सांगा, कशाला जास्त पैसे, कशाला कमी?


बूड_टेकवले

केबलचा विषय निघालाय. दाण्याची पुडी घेऊन बसलो आहे.


सोल्डरबाबा

कोटेशन वाचून चहा सांडला. चौदा हजारांच्या स्पीकरला अकरा हजारांची वायर म्हणजे नऊवारीपेक्षा साडीपिनेला जास्त पैसे.

लॅमिंग्टन रोडवर पस्तीस वर्षं अ‍ॅम्प आणि स्पीकर दुरुस्त केले. आता दुकान पुतण्या बघतो, मी गल्ल्यावर बसून त्याला वैताग देतो. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट शिकलो: जे हलतं ते बिघडवतं. सीडीतून आकडे निघतात, आकड्यांची वीज होते, अ‍ॅम्प ती वीज मोठी करतो. इथपर्यंत आवाजाच्या वाटेवर काहीच हलत नाही, त्यामुळे आता तिथे चूक व्हायला फार जागा उरलेली नाही. पुढे स्पीकरात मात्र एक कागदाचा नाहीतर प्लास्टिकचा कोन सेकंदाला शेकडो वेळा पुढेमागे व्हायचा असतो. त्याला वजन आहे, कडेला रबर आहे, पाठीमागे लाकडी खोका आहे जो स्वतःच थरथरतो. सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच तो कधी हलत नाही. त्याच्यापुढे खोलीतली हवा हलते, आणि ती तर कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

म्हणून साठातले पस्तीस-चाळीस हजार सरळ स्पीकरवर. सहा-साडेसहा इंची वूफरची, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या कोनाची, बुकशेल्फ जोडी घ्या, रबरी कडेची. फोमची नको, आपल्या दमट हवेत फोम पंधरा-वीस वर्षांत मरतो, तुमच्या घरात पुरावा आहेच. पंधराच्या आसपास साधा स्टिरिओ अ‍ॅम्प, जुना चालेल. उरलेल्यात स्टँड आणि वायर. वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणा, घरात फिटिंगला वापरतात तीच तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएमची. थोडी ताठ असते, एवढाच तिचा दोष.

अवांतर: वॅटच्या आकड्यांना भुलू नका. नव्वदच्या दशकात पीएमपीओ नावाचं एक भूत होतं. खोक्यावर लिहिलेलं २,४०० वॅट पीएमपीओ, आणि असा एक सेट उघडला तर आत मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर आणि एक एलए ४४४० आयसी. तो आयसी बाजूला सहा-सहा वॅट देतो. बाकीचे वॅट पुठ्ठ्यावर छापलेले.


तारेवरची_कसरत

सोल्डरबाबांचा अनुभव मोठा, पण हे "केबलने काही होत नाही" मला मान्य नाही. होतं. मी रत्नागिरीला राहतो, तीन वर्षांपूर्वी जुनी वायर काढून चांगली ब्रँडेड केबल लावली, आठ हजारांची. स्पीकर तेच, अ‍ॅम्प तोच, खोली तीच. पहिल्याच ख्यालाला गवई दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे येऊन बसला. आधी तो खोलीभर विरघळलेला असायचा. डग्गा तर आधी जवळपास नव्हताच, तो आला. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "नवीन स्पीकर आणलेत का?" तिला केबल बदलल्याचं माहीतही नव्हतं. आता हा मनाचा खेळ म्हणायचा का?


शंकासुर

धागाकर्ते, आधी आकडे बघू. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे सवय आहे, क्षमस्व.

प्रत्येक टप्प्यावर आवाज किती बिघडतो ते पाहा. बऱ्यापैकी डॅक किंवा अ‍ॅम्प २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत जवळपास सपाट असतो, इकडेतिकडे अर्ध्या डेसिबलच्या आत. चांगला स्पीकर प्रयोगशाळेत, प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत, अधिक-उणे ३ डेसिबलमध्ये बसला तर कंपनी अभिमानाने छापते. तोच स्पीकर दहा बाय दहाच्या खोलीत ठेवला की ३०० हर्ट्झच्या खाली दहा-दहा डेसिबलचे डोंगर-दऱ्या दिसतात. विकृतीचंही तेच. अ‍ॅम्पची एका टक्क्याचा शंभरावा भाग, आणि स्पीकरची खर्जात, म्हणजे खालच्या सुरांत, आवाज वाढवला की, टक्का-दोन टक्के सहज. कोटेशनमधली साखळीची उपमा घ्यायचीच तर कच्ची कडी ही आहे आणि दुकानदाराने नेमकी तिच्यावरच काटकसर केली आहे.

वायरचं गणित: अडीच स्क्वेअर एमएम, पाच मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. रोध साधारण ०.०७ ओहम. समोर आठ ओहमचा स्पीकर. आवाजात घट एक दशांश डेसिबलच्याही आत.

दुकानांत 'आधी स्रोत, म्हणजे गाणं वाजवणारं यंत्र, सुधारा' असाही सल्ला मिळतो. तो हवेतून आलेला नाही. १९७० च्या दशकात ग्लासगोच्या लिन कंपनीने तो लावून धरला होता. पण त्यांचा स्रोत म्हणजे टर्नटेबल. तिथे तबकडी फिरते, सुई हलते, मोटर गुणगुणते. सोल्डरबाबांच्या भाषेत, तिथे खूप काही हलतं. १९८२ साली फिलिप्स आणि सोनीने सीडी आणली आणि त्या सल्ल्यातली हवाच गेली, सल्ला मात्र दुकानांत अजून फिरतोय.

आणि हाय-रेझोल्यूशनच्या, म्हणजे सीडीहून बारीक तपशिलाच्या रेकॉर्डिंगच्या, नादी लागू नका. बॉस्टनच्या हौशी मंडळींनी केलेला एक प्रयोग २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. उच्च प्रतीचं रेकॉर्डिंग एकदा थेट, एकदा मधे सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून, पडद्याआडून ऐकवलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं.

@तारेवरची_कसरत, तुम्हाला फरक ऐकू आला हे मी नाकारत नाही. कारण केबलचा ब्रँड होता का, एवढंच विचारतो.


गवती_चहा

बाप रे, एका दिवसात एवढं. धन्यवाद. दोन शंका. एक, बाबा आवाज फार मोठा करत नाहीत, मग अ‍ॅम्प किती वॅटचा? दोन, शोकेसमध्ये स्पीकर बसतील असे दोन कप्पे आहेत, तिथेच ठेवले तर स्टँडचे पैसे वाचतील. सौ.ची तीच इच्छा आहे.


सोल्डरबाबा

शोकेसमध्ये स्पीकर ठेवणं म्हणजे माठात तोंड घालून गाणं. सौ.ना माझा नमस्कार सांगा आणि स्टँड घ्या. लोखंडी नको असतील तर सुताराकडून दोन फुटी तिवया करून घ्या. बसल्यावर ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या पातळीला आला पाहिजे.


शंकासुर

वॅट: स्पीकरवर ८६ डेसिबल असं काही लिहिलेलं असेल, म्हणजे एका वॅटला एका मीटरवर तेवढा आवाज. अडीच मीटरवर, दोन स्पीकर धरून, अंदाजे ८० उरतो. बाबा ७० च्या आसपास ऐकत असतील, तर त्यांना लागतो एका वॅटचा दहावा भाग! मधेच तिहाईच्या समेवर थाप पडली, २० डेसिबलची उसळी, तर दहा वॅट. तीस-चाळीस वॅटचा प्रामाणिक अ‍ॅम्प रग्गड झाला. दुप्पट वॅटला फक्त ३ डेसिबल मिळतात, जेमतेम कळण्याइतके.

कमी आवाजात ऐकणाऱ्यांसाठी एक खरी उपयोगाची गोष्ट म्हणजे जुन्या अ‍ॅम्पवरचं 'लाउडनेस'चं बटण. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं. बटण तेवढा खर्ज भरून काढतं. शुद्धतावादी नाकं मुरडतात, मुरडू देत.


एक_तंबोरा

मी गाणं शिकवते, यंत्रातलं मला कळत नाही. ऐकायचं काय ते सांगू शकते. दुकानात जाताना बाबांना घेऊन जा आणि त्यांच्या ओळखीची रेकॉर्ड न्या. दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवरचं गाणं ऐकू नका, त्यावर काचेच्या बांगड्यांसारखी किणकिणणारी गिटार असते आणि ती कुठल्याही स्पीकरवर छानच वाजते.

पहिला तंबोरा ऐका. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत मूळ स्वर तसा कमीच असतो, जवारीतून वरचे स्वर फुलतात आणि कान त्यातून खर्ज बांधतो. वाईट स्पीकरवर ती फुलण्याची क्रिया ऐकूच येत नाही, नुसता माशी घोंगावल्यासारखा आवाज येतो. मग गळा. आकार आणि ईकार दोन्ही एकाच माणसाचे वाटले पाहिजेत. काही स्पीकरवर ईकार आला की गवई चार पावलं पुढे सरकतो. तिसरा डग्गा: त्यावरची मींड, घिस्सा, तळहात सरकतो तो. तो 'गँऽऽव' असा सरकत गेला पाहिजे. 'धम्म' असा एकाच जागी आपटत असेल तर नको.

माझ्या एका विद्यार्थ्याने घरी मोठा सबवूफर आणलाय. त्याच्याकडे द्रुत तीनताल ऐकला की कोणीतरी वरच्या मजल्यावर गव्हाची पोती टाकतंय असं वाटतं.


शंकासुर

@एक_तंबोरा, दंडवत. पुरुषाचा षड्ज काळी एक धरला तर १३९ हर्ट्झ, तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९. त्याच्या खाली आपल्या ख्यालगायनात फारसं काही नाही. सबवूफरवर पैसे घालायची गरजच नाही.

आणि तुम्ही ईकाराचं जे म्हणालात ते कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात पडद्याआडच्या चाचण्यांनी तपासलं आहे. स्पीकर दिसत नसला की लोकांची आवड आश्चर्य वाटावं इतकी जुळते. समोरून सपाट आणि बाजूंनाही न अडखळता पसरणारा आवाज देणारे स्पीकर लोक निवडतात. नाव आणि किंमत दिसली की मतं लगेच पांगतात.


परदेशी_पोळी

न्यू जर्सीहून. एक धोक्याची सूचना, कारण मी यात तोंड पोळून घेतलंय. इथल्या मंचांवर खोलीबद्दल जे सल्ले असतात ते तसेच्या तसे पुण्यात नेऊ नका. आमच्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ड्रायवॉल (जिप्समचे पातळ तक्ते). खर्ज आला की ती भिंतच थोडी हलते आणि बराचसा खर्ज गिळते किंवा बाहेर सोडून देते. इथे मला उत्तम वाटलेले स्पीकर मी ठाण्याला आईकडे पाठवले. तिथे वीट-सिमेंटच्या भिंती आणि वर स्लॅब. खर्ज जाणार कुठे? आत कोंडून राहिला. आईने आठवड्यात त्यावर टेबलक्लॉथ घातला आणि फुलदाणी ठेवली. आजही तशीच आहे.


बूड_टेकवले

वाखु (वाचनखूण) साठवली. दाणे संपले.


शंकासुर

@परदेशी_पोळी यांनी मुद्द्याला हात घातला. गवती_चहा, खोलीची लांबी फुटांत घ्या आणि ५६५ ला तिने भागा. त्या दिशेने खोली ज्या सुराला स्वतःच घुमते तो सूर मिळतो. दहा फुटांना ५६ हर्ट्झ. तुमची लांबी दहा, रुंदीही दहा, उंची साडेनऊ असेल तर ५९. तिन्ही दिशांचे घुमारे एकाच ठिकाणी येऊन बसलेत! खोली म्हणजे जवळपास घन आहे, स्पीकरसाठी याहून वाईट आकार नाही. दुप्पट आकड्यांनाही, ११३-११९ च्या आसपास, तेच, आणि तिथे तर गळा सुरू होतो.

शिवाय आरामखुर्ची भिंतीला टेकून आहे. हा घुमारा भिंतीपाशी सगळ्यात मोठा असतो. खोलीच्या बरोबर मध्यावर ५६ जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे भिंतीपाशी ढोल, मध्यावर पोकळ. खुर्ची कुठेतरी अधेमधे हवी.

फोनवर सूर काढणारं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, जुन्या स्पीकरमधून ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू सरकवा. फोम गेलेला असला तरी एवढं काम होईल, आवाज लहान ठेवा.


गवती_चहा

केला प्रयोग. काल रात्री जेवणं झाल्यावर. जुने स्पीकर दोन खुर्च्यांवर ठेवले, बाबा आरामखुर्चीत, मी फोन घेऊन जमिनीवर.

४० ला फारसं काही नाही, फोमची फडफड. ५० ला पोटात काहीतरी. ५७ वर आलो आणि शोकेसमधले बाबांच्या साठीशांतीतले चांदीचे सहा ग्लास एका सुरात वाजायला लागले. आई आतून आली, "भूकंप?" मी थांबलो नाही. बाबांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, ५७ ला भुवया वर, ८० ला खाली, ११५ ला परत वर. मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः भिंतीला कान लावून उभे राहिले. दोघांनी मिळून खुर्ची एक-एक टाइल पुढे सरकवली. एक टाइल दोन फुटांची. एक टाइल सरकवल्यावर ५७ चा ढोल निम्म्यावर आला. दोन टाइलला अजून कमी. तिसरीला, म्हणजे खोलीच्या मध्याच्याही पुढे गेल्यावर, बाबा म्हणाले, "आता कोणी नुसतं हसतंय, बोलत नाही." म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण एक टाइल मागे आलो.

एक पैसा खर्च न करता झालेला हा फरक ब्लूटूथ स्पीकर आणि जुने स्पीकर यांच्यातल्या फरकाएवढाच होता. थोडा राग आला स्वतःचाच.


सोल्डरबाबा

शाबास. आता त्याच हौसेने स्पीकरही सरकवा. पाठीमागच्या भिंतीपासून किमान दीड-दोन फूट, कोपऱ्यापासून लांब. कोपरा म्हणजे कर्णाच आहे, खर्ज फुगवतो. भिंतीवर गोधड्या टांगायच्या फंदात पडू नका, त्या वरची चमक खातात आणि खालचा ढोल तसाच राहतो, म्हणजे आणखी कोंदट. समोर जमिनीवर जाड सतरंजी, कपाटात पुस्तकं वेडीवाकडी, आणि कापसाची जुनी जाड गादी असेल तर कोपऱ्यात उभी करा. गादीने ५७ जाणार नाही, पण वरचं ११५ चं थोडं तरी आवरेल.

@तारेवरची_कसरत, रागावू नका, एक विचारतो. आधी गवई खोलीभर विरघळलेला आणि डग्गा गायब, ही लक्षणं मी हजारदा पाहिली आहेत. एका स्पीकरची लाल-काळी उलटी जोडली की हेच होतं. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, खर्ज एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मधला गळा जागा सोडतो. नवी केबल लावलीत त्या दिवशी जोडणी सरळ झाली, एवढंच झालं असेल.


तारेवरची_कसरत

मी इंजिनिअर आहे. लाल आणि काळी मला ओळखता येते.


सोल्डरबाबा

मलाही येते. तरी वर्षाला दोनदा चुकतो.

ज्यांना तपासायचं असेल त्यांच्यासाठी: अ‍ॅम्पकडची टोकं सोडवा, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, अधिक टोक लाल तारेला आणि उणे काळीला क्षणभरच टेकवा. 'टक्' आवाज येतो आणि वूफर बाहेरच्या बाजूला उडी मारतो. आत गेला तर जोडणी उलटी. दोन्ही स्पीकर एकाच दिशेला उडायला हवेत.


तबकडी

एलपींबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. गवती_चहा, शंभर एलपी म्हणजे ठेवा आहे. पण प्लेयर कोणता? जुन्या सूटकेस पद्धतीच्या प्लेयरची जड सिरॅमिक सुई त्या एलपींवर फिरवू नका, ती खाचा खाते. आजच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा भार दीड-दोन ग्रॅम असतो. तिच्यातून विजेचा अगदी क्षीण झुळका निघतो, म्हणून अ‍ॅम्पला 'फोनो' असं लिहिलेलं तोंड हवं किंवा वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प. साध्या ऑक्सला लावलंत तर आवाज बारीक आणि खर्जच नाही, कारण तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि फोनो तो परत भरतो.

एलपीवर पांढरी बुरशी असेल, सांगलीच्या पावसात असणारच. ऊर्ध्वपातित पाणी, थेंबभर भांड्याचं पातळ साबण, मऊ सुती फडकं, खाचांच्या दिशेने गोल. मधला कागद भिजू देऊ नका. मी रविवारी चार धुतो, गॅलरीत ताटाळ्यात उभ्या करून वाळवतो. शेजारी विचारतात, "पापड का?"

इथे खर्च सुईवर करा. सोल्डरबाबांचा नियम इथेही लागू, सुई हलते.


एक_तंबोरा

ताटाळ्यात एलपी! उद्याच करते.


गवती_चहा

@तबकडी, प्लेयर सध्या नाहीच. या साठात बसणार नाही, दिवाळीला बघू. पण फोनो असलेलाच अ‍ॅम्प घेतो. आणि डॅक, पॉवर कंडिशनर?


शंकासुर

डॅक: सीडी प्लेयर असेल तर त्यात आहेच. फोनवरून ऐकायचं तर एक-दोन हजारांचा यूएसबी डॅक पुरे. कंडिशनर: अ‍ॅम्प आलेल्या विजेचं आधी स्वतःच डीसी करून घेतो, तुम्ही बाहेर तिला आंघोळ घालून काय उपयोग? चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंग तपासून घ्या. घूंऽऽ असा आवाज आला तर तो बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो.


तारेवरची_कसरत

लिहायचं नव्हतं, पण न लिहिणं बरं नाही.

काल माळ्यावरून जुनी वायर काढली. मी वस्तू टाकत नाही. डावीकडच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना मीच लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, ओळखायला. वायर दोन रंगांची नव्हती, दोन्ही पदर पारदर्शक. एका टोकाला टेप ज्या पदरावर आहे, दुसऱ्या टोकाला ती दुसऱ्याच पदरावर आहे. म्हणजे अकरा वर्षं एक स्पीकर उलटा वाजत होता आणि मी त्यावर अख्खी मालकंसाची मैफल ऐकत होतो.

शिवाय तांबं हिरवं पडलंय, ते आमच्या समुद्राचं देणं. त्यामुळे वायर बदलायला हवी होती, हा माझा मुद्दा अजून शिल्लक आहे. आठ हजारांची हवी होती का, ते विचारू नका. बायकोला अजून सांगितलेलं नाही.


बूड_टेकवले

साहेब, तुमच्या मोठेपणाला सलाम. नवीन दाणे आणले.


सोल्डरबाबा

हिरवं तांबं हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. कोकणात दर दोन वर्षांनी टोकं अर्धा इंच कापून ताजी करा. मीही इतक्या वर्षांत तुमच्यासारखा कबुलीजबाब देणारं गिऱ्हाईक पाहिलं नाही. मुंबईला आलात तर चहा माझ्याकडे.


गवती_चहा

सहा आठवड्यांनी परत आलोय, उशिराबद्दल माफी.

हिशोब: स्पीकर साडेसदतीस हजार, साडेसहा इंची वूफर. बाबांनी तीन दुकानांत बसून निवडले. त्यातले दोन महागडे त्यांनी अर्ध्या मिनिटात नाकारले, एकाला "ओरडतो" आणि एकाला "लाजतो" म्हणून. अ‍ॅम्प वापरलेला, फोनोसकट, बारा हजार. वायर सातशे रुपये, तपकीर गल्लीच्या वाटेवरच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून. तिवया सुताराने साडेतीन हजारांत केल्या. सतरंजी आणि गादी घरचीच. सुमारे सहा हजार उरले, ते दिवाळीच्या प्लेयरकडे. पेन्सिल सेलची चाचणी केली, दोन्ही कोन बाहेर उडाले. बाबांनी तीन वेळा करायला लावली, त्यांना ते आवडलं.

खुर्ची भिंतीपासून दोन टाइल पुढे असल्यामुळे मागून कपाटाचं एक दार पूर्ण उघडत नाही. आईच्या साड्या त्या दाराआड आहेत. सध्या तडजोड अशी आहे की साडी काढायची असेल तर आधी विलंबित संपू द्यायचा.

पहिल्या दिवशी बाबांनी एक जुनी मैफलीची सीडी लावली, पाठ असलेली. वीस मिनिटं डोळे मिटून बसले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. बोलले ते असं: "तिसऱ्या रांगेत कोणीतरी खोकतोय. चाळीस वर्षं ऐकतोय, हा कधी आला?" आता रोज तो खोकणारा आला की ते हात वर करून त्याला गप्प करतात.

जुने स्पीकर पडून आहेत. खोका सागवानी, ट्वीटर चांगला, फक्त वूफरचा फोम गेलाय. कोणाला हवेत का? फुकट. टाकवत नाही.


सोल्डरबाबा

फोमची नवी कड मिळते, वूफरची बाहेरची मापं घेऊन ठेवा. दुपारभराचं काम आहे, डिंक सुकायला रात्र.


तारेवरची_कसरत

मला हवेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. वायर माझ्याकडे आहे.